विज्ञान शिक्षकाची नोकरी : अनुदानित शाळा, स्वयंअर्थसहाय्यित शाळा की केंद्रीय विद्यालय?

बी.एस्सी. करून बी.एड. पूर्ण केलेल्या आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे ठरवलेल्या उमेदवारासमोर महाराष्ट्रात आज मुख्यतः तीन वाटा आहेत. पवित्र पोर्टलमार्फत, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामार्फत, खासगी अनुदानित शाळेत, किंवा जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या मोजक्या माध्यमिक शाळांत, शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षे मानधनावरचा शिक्षक, म्हणून लागणे ही पहिली वाट. थेट मुलाखत देऊन सीबीएसई, आयसीएसई अथवा राज्य मंडळाच्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रुजू होणे ही दुसरी. केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय विद्यालय किंवा एकलव्य आदर्श निवासी शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या, म्हणजे टीजीटीच्या, पदासाठी देशपातळीवरची परीक्षा देणे ही तिसरी. याखेरीज एक चौथी वाट आहे, जिच्याविषयी संस्थाचालक गोड शब्दांत सांगतात आणि अनुभवी शिक्षक दबक्या आवाजात बोलतात. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

या वाटांची तुलना बहुधा हातात पडणाऱ्या पगारावरून केली जाते. विज्ञान शिक्षकाने मात्र आणखी तीन गोष्टी तितक्याच गांभीर्याने तपासायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे: आपल्या पदवीचे विषय त्या पदाला चालतात का, ते पद खरोखर मंजूर आहे का, आणि त्या शाळेत प्रयोग होतात का. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि पाच-सहा वर्षांनी शिक्षकाचे मन नोकरीत रमते की विटते हे बहुतेक वेळा त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

पात्रता : गुणपत्रिका आधी पाहावी

केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटी विज्ञान या पदासाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय असावे लागतात. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झालेला उमेदवार दहावीचे विज्ञान कितीही उत्तम शिकवत असला, तरी तेथे त्याला विज्ञानाच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. त्याने टीजीटी गणित या पदाची अट पाहावी. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षी तीन-चार विषय आणि शेवटच्या वर्षी एकच मुख्य विषय अशी रचना राहिलेली असल्यामुळे, कोणता विषय किती वर्षे घेतला होता हे सर्व वर्षांच्या गुणपत्रिका समोर ठेवून जाहिरातीशी जुळवून पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते न केल्यामुळे दोन-दोन वर्षे सीटीईटीची, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी करून कागदपत्र पडताळणीत बाद झालेले उमेदवार दरवेळी दिसतात आणि त्यांची उमेद अशी वाया गेलेली पाहवत नाही. नवोदय आणि एकलव्य शाळांच्या जाहिरातींतील विषयांची अटही स्वतंत्रपणे वाचावी. एका संस्थेची अट दुसरीला लागू पडेल असे गृहीत धरू नये.

या केंद्रीय पदांसाठी सीटीईटीचा दुसरा पेपर, गणित-विज्ञान गटातून, उत्तीर्ण असावा लागतो. केंद्रीय विद्यालयात टीजीटीची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारासाठी 35 वर्षे आहे आणि आरक्षित प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. म्हणून तिशी ओलांडलेल्या उमेदवाराने हा पर्याय ‘नंतर पाहू’ म्हणून मागे टाकणे परवडणारे नाही.

राज्यातील भरतीचे स्वरूप वेगळे आहे. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट किंवा टीएआयटी म्हणतात, ही 200 गुणांची परीक्षा असते; त्यांतील 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 गुण बुद्धिमत्तेला असतात. विज्ञान विषयाचा स्वतंत्र विभाग तिच्यात नाही. त्यामुळे विषयात हुशार पण वेळेशी झुंजत प्रश्न सोडवण्याची सवय नसलेला उमेदवार मागे पडतो आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीतून आलेला उमेदवार पुढे जातो, ही वस्तुस्थिती मान्य करूनच तयारी करावी लागते. ही परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये, दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये आणि तिसऱ्यांदा मे-जून 2025 मध्ये झाली. पहिल्या दोन परीक्षांमधले पाच वर्षांहून मोठे अंतर ज्यांनी काहीही न करता केवळ वाट पाहण्यात घालवले, त्यांचे झालेले नुकसान भरून येण्यासारखे नव्हते. पवित्र पोर्टल हा पर्याय चांगला आहे, पण त्याचे वेळापत्रक उमेदवाराच्या वयाकडे पाहून ठरत नाही, हे कायम ध्यानात ठेवावे.

नववी-दहावीच्या पदासाठी राज्यात टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, अट नाही. ती पहिली ते आठवीसाठी आहे. तरीही टीईटीचा दुसरा पेपर, म्हणजे सहावी ते आठवीसाठीचा गणित-विज्ञान गट, उत्तीर्ण होऊन ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यामुळे पवित्र पोर्टलवर शाळांचा प्राधान्यक्रम भरताना सहावी ते आठवीच्या जागाही खुल्या होतात. शिवाय 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पहिली ते आठवीसाठी ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले आहे. आठवीचे वर्ग माध्यमिक शाळेला जोडलेले असतात आणि विज्ञान शिक्षकाला आठवीच्या तासिका हमखास मिळतात, तेव्हा हे प्रमाणपत्र हाताशी असणे शहाणपणाचे आहे.

वेतन : आजचा आकडा आणि तीन वर्षांनंतरचा आकडा

अनुदानित माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा 18,000 रुपये मानधन मिळते. जानेवारी 2023 पूर्वी ते 8,000 रुपये होते. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरल्यावर शिक्षक नियमित वेतनश्रेणीत येतो आणि सातव्या वेतन आयोगानुसार 38,600 ते 1,22,800 ही श्रेणी त्याला लागू होते. महागाई भत्ता 50 टक्के धरला, तरी सुरुवातीचे मूळ वेतन आणि भत्ता मिळून 57,900 रुपये होतात. घरभाडे भत्ता गावाच्या वर्गवारीनुसार वेगळा. पुढे 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी असते, परंतु त्यांसाठी विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, त्यामुळे वडीलधाऱ्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाकडे पाहून आपले गणित मांडू नये.

केंद्रीय विद्यालय आणि नवोदयातील टीजीटीला पहिल्या दिवसापासून 44,900 ते 1,42,400 ही श्रेणी मिळते, म्हणजे त्याच 50 टक्के भत्त्याने 67,350 रुपये. मानधनाची तीन वर्षे येथे नाहीत आणि निवृत्तीचे वय राज्यातील 58 ऐवजी 60 आहे. निव्वळ पैशाच्या हिशेबात हा पर्याय सरळ वरचढ ठरतो.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयी असा एक आकडा सांगता येत नाही. मोठ्या शहरांतील काही शाळा सहाव्या किंवा सातव्या वेतन आयोगाच्या जवळपास वेतन देतात. तालुक्याच्या गावी मात्र शिक्षण सेवकाच्या मानधनापेक्षाही कमी पैशांत बी.एस्सी., बी.एड. शिक्षक दिवसभर राबताना दिसतात. मुलाखतीत येथे चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे नियुक्तिपत्रात आली आहेत का ते पाहावे: पगार बारा महिन्यांचा की दहा, तो बँकेत पूर्ण जमा होतो की त्यातील काही भाग परत मागितला जातो, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, आणि नोकरी सोडताना किती महिन्यांची नोटीस द्यावी लागते. उपदानाबाबत, म्हणजे ग्रॅच्युइटीबाबत, अनेक शिक्षकांना माहिती नसते. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना उपदान कायद्याच्या कक्षेत आणले गेले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे खासगी शाळेतही पाच वर्षे सलग सेवा झालेल्या शिक्षकाचा त्यावर हक्क आहे. प्रसूती रजेचा प्रश्न विचारताना शिक्षिका संकोचतात. तसा संकोच बाळगू नये. 26 आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे आणि ती शाळेची मेहेरबानी नव्हे.

खासगी शाळेत स्थिरावलेल्या व्यक्तीची पवित्रमधून निवड झाली की एक नेहमीचा पेच उभा राहतो. समजा एखादी शिक्षिका शहरातील शाळेत 35,000 रुपये घेत आहे. अनुदानित शाळेत गेल्यास तिला तीन वर्षे दरमहा 17,000 रुपये कमी मिळतील, म्हणजे एकूण 6,12,000 रुपयांची झळ बसेल. नियमित झाल्यावर वरील हिशेबाने दरमहा सुमारे 22,900 रुपये अधिक मिळू लागतील आणि सव्वादोन वर्षांत ती रक्कम भरून निघेल. खासगी शाळेतील पगार दरम्यान वाढला असता हे धरले तरी सहा-सात वर्षांच्या आत पारडे फिरते. तिशीतल्या व्यक्तीने हा तोटा सोसावा. घराचे हप्ते आणि एकट्याच्या पगारावर चालणारा संसार असेल, तर मात्र ती तीन वर्षे कशी काढायची याची तजवीज आधी करावी, कारण याच काळात उसनवारीत अडकून अनेकांचे शिकवण्यावरचे लक्ष उडते. शिकवण्या घेऊन ही तूट भरून काढू असे मनात असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे हे माहीत असावे. खासगी शाळेतील पूर्वीची सेवा नव्या नोकरीत वेतनासाठी सहसा धरली जात नाही, हेही या हिशेबात मिळवावे.

वर्ग आणि प्रयोगशाळा

राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग आहेत. प्रत्येकी 40 गुणांची लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षणापासून धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमांपर्यंत, तर दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांतीपासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत मजल असते. लहान शाळेत हे दोन्ही भाग, आणि बहुधा गणितही, एकाच शिक्षकाकडे येते. सीबीएसईत विज्ञानाचा 80 गुणांचा एकच पेपर आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. आयसीएसईत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे स्वतंत्र पेपर असतात, त्यामुळे तेथे शिक्षकाला आपल्याच विषयात खोल जाण्याची मुभा मिळते. ज्याला भौतिकशास्त्राची मनापासून ओढ आहे आणि प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना जड जाते, त्याने ही बाब हलकी मानू नये. उलट ज्याला दोन्हींत रस आहे, त्याला राज्य मंडळाची किंवा सीबीएसईची एकत्र रचना अधिक आनंद देईल. उष्णतेचा धडा शिकवणाराच शिक्षक जीवनप्रक्रिया शिकवत असेल, तर पेशीतील ऊर्जेविषयी बोलताना तो मुलांना मागच्या धड्यात सहज घेऊन जाऊ शकतो.

शाळा निवडताना प्रयोगशाळेचा प्रश्न कसा तपासायचा, ते एका साध्या प्रयोगावरून सांगतो. काचेच्या चिपेतून होणारे प्रकाशाचे अपवर्तन दाखवायचे आहे. कोऱ्या कागदावर चीप ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची, एका बाजूला तिरकी रेषा काढून तिच्यावर दोन टाचण्या उभ्या टोचायच्या, डोळा चिपेच्या पातळीला आणून दुसऱ्या बाजूने पाहायचे आणि त्या दोन टाचण्यांच्या प्रतिमांशी एका रेषेत दिसतील अशा आणखी दोन टाचण्या टोचायच्या. येथे मुले हमखास टाचण्यांची डोकी जुळवतात. टाचणी जराशी कलली असली की सगळी रेषा चुकते. टाचणीचा कागदात रुतलेला पायथा जुळवायचा, हे प्रत्येक गटाजवळ वाकून, त्यांच्यासोबत एक डोळा मिटून दाखवावे लागते. मग चीप उचलून रेषा पूर्ण केली आणि आत शिरलेला व बाहेर पडलेला किरण समांतर, पण किंचित सरकलेले निघाले, की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यासाठी हा पेशा पत्करावा.

आता हाच प्रयोग वेगवेगळ्या शाळांत ठेवून पाहावा. अनुदानित शाळेत एका तुकडीत साठ मुले, तासिका 35 मिनिटांची, शाबूत चिपा पाच-सहा आणि प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा वेळी वेळापत्रकात सलग दोन तासिका मिळतात का आणि तुकडीचे दोन गट करून एक गट गणिताच्या शिक्षकाकडे सोपवता येतो का, यावर सर्व अवलंबून असते, आणि हे मुख्याध्यापकांच्या इच्छेने घडते किंवा अडते. प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळास्तरावर दिले जात असल्यामुळे प्रयोग न करताही प्रयोगवह्या पूर्ण होतात आणि गुण पडतात. या सोयीच्या रीतीला नवा शिक्षक वर्षभरात सरावतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. शाळा पाहायला जाल तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. ती शोधण्यात पाच मिनिटे गेली, परीक्षानळ्यांवर धुळीचा थर दिसला आणि आम्लाच्या बाटल्यांवरची नावे पुसून गेलेली असली, तर त्या शाळेविषयी पुरेशी माहिती मिळाली असे समजावे.

याच अनुदानित शाळांतून, अपुऱ्या साधनांवर, तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत अप्रतिम उपकरणे येतात हेही तितकेच खरे आहे. शाळकरी मुलांच्या वैज्ञानिक कल्पनांना मदत करणाऱ्या केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी 10,000 रुपये मिळतात, आणि या योजनेत खेड्यातल्या मुलाची कल्पना पुढे नेण्यामागे बहुतेक वेळा एखादा चिकाटीचा विज्ञान शिक्षकच असतो. या शाळांत वर्षभराच्या तासाचा आराखडा शिक्षकाच्या हाती बराचसा मोकळा असतो. वर्गात काय आणि कसे करायचे यात कोणी रोज डोकावत नाही, आणि ज्याला काही करून दाखवायचे आहे त्याला हे स्वातंत्र्य पगारापेक्षाही मोलाचे वाटू शकते.

स्वयंअर्थसहाय्यित शाळेत प्रयोगशाळा बहुधा चकचकीत असते, तुकडी लहान असते, मदतनीसही असतो. काही शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांना स्वतः उपकरणे बनवून पाहता येतील अशा कार्यशाळेसाठी, 20 लाखांपर्यंतचे अनुदान मिळालेले असते, जे अनुदानित शाळांनाही मिळू शकते. परंतु आठवड्याचा पाठ आराखडा आधी समन्वयकाला दाखवणे, सर्व तुकड्यांनी एकाच दिवशी एकाच पानावर असणे, दर पंधरवड्याची चाचणी, तिच्या उत्तरपत्रिका, पालकांचे संदेश आणि शनिवारच्या बैठका यांत चीप आणि टाचण्यांना लागणारा निवांतपणा उरतच नाही. मुलगा आठवीपासून नीट-जेईईच्या फाउंडेशन वर्गाला जात असेल, तर उत्तर त्याला पाठ असते आणि प्रयोग त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. त्याच्यात कुतूहल जागे करणे हे अधिक कठीण काम आहे. शिकवण्याची शिस्त, वेळेचे भान आणि इंग्रजीतून नेमके बोलण्याची सवय या शाळा दोन-तीन वर्षांत लावतात, हा त्यांचा खरा लाभ आहे आणि पुढे कोणत्याही शाळेत तो उपयोगी पडतो. मराठी शाळांतही सेमी इंग्रजीच्या तुकड्या वाढल्या आहेत. विज्ञान शिक्षकाला एका तासाला मराठीतून आणि पुढच्या तासाला इंग्रजीतून तोच धडा शिकवावा लागतो, तेव्हा ही सवय हाताशी असलेली बरी.

केंद्रीय विद्यालयांत अकरावी-बारावीचे विज्ञान वर्ग बहुतेक ठिकाणी असल्यामुळे तिन्ही विषयांच्या प्रयोगशाळा चालू स्थितीत असतात, आणि टीजीटीने वरिष्ठ शिक्षकांशी जुळवून घेतले तर साहित्य मिळण्यास अडचण येत नाही. नवोदयाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे मुले शाळेतच राहतात, शिक्षकही आवारातच राहतो, आणि संध्याकाळी सहानंतरही विज्ञान संपत नाही. नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री मुलांना मैदानावर बसवून आकाश दाखवण्यासाठी तेथे कोणाची परवानगी आणि शाळेची बस लागत नाही. नववीत हिंदी भाषक आणि बिगरहिंदी भाषक प्रदेशांतील शाळांमध्ये काही मुलांची वर्षभरासाठी अदलाबदल होते, त्यामुळे वर्गात दूरच्या राज्यातली मुलेही येतात. या वयातल्या मुलांना घडवण्याची ज्याला हौस आहे, त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. पण तिची किंमतही मोठी आहे. वसतिगृहाची जबाबदारी, भोजनगृह, रात्री आजारी पडलेले मूल, सकाळची कवायत हे सारे कामाचाच भाग आहे, आणि जोडीदाराची नोकरी दुसऱ्या शहरात असेल तर संसाराची ओढाताण अटळ आहे.

बदली आणि वर्गाबाहेरची कामे

केंद्रीय विद्यालयाची बदली देशात कोठेही होऊ शकते आणि पहिली नेमणूक घरापासून हजार किलोमीटरवर होणे हे अपवादात्मक नाही. एकलव्य शाळा आदिवासी भागांत असतात. त्यांची भरतीही देशपातळीवर होते. अनुदानित शाळांत, संस्था एकाच शाळेची असेल तर बदलीचा प्रश्न येत नाही. रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक जिल्ह्यांत शाखा असलेल्या संस्थेत मात्र एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदल्या होतात आणि त्या नोकरीच्या अटींतच असतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांना देता येतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तर त्या काळात अभ्यासक्रमाची गाडी रुळावर ठेवणे कठीण जाते. यू-डायसवर भरायची शाळेची वार्षिक माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, वेगवेगळ्या पोर्टलवरची माहिती ही कामे विज्ञान शिक्षकाकडे अधिक येतात, कारण ‘त्याला संगणक येतो’ असे गृहीत धरले जाते. मला ही रीत अन्यायाची वाटते आणि नव्या शिक्षकाने पहिल्याच वर्षी, नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत, प्रात्यक्षिकांचा वेळ राखून मागावा.

‘पुढे अनुदान येईल’ ही वाट

आता चौथ्या वाटेविषयी. विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित तुकडीवर रुजू व्हा, अनुदान 20, 40, 60, 80 टक्के असे टप्प्याटप्प्याने वाढत जाईल आणि एक दिवस पूर्ण पगार सुरू होईल, असे सांगितले जाते. असा दिवस काहींच्या आयुष्यात आलाही. परंतु त्या एका दिवसाची वाट पाहत पंधरा-वीस वर्षे नाममात्र पैशांत शिकवलेले आणि मुंबईच्या आझाद मैदानावर वारंवार उपोषणाला बसलेले शिक्षक ही याच वाटेची दुसरी बाजू आहे. त्यांच्यातले अनेक जण उत्तम शिक्षक होते, त्यांच्या कष्टांविषयी मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच नव्या उमेदवाराने ही वाट धरू नये असे सांगणे मला कर्तव्य वाटते.

जागेसाठी पैसे मागितले गेले, तर चर्चा तेथेच थांबवावी. मागील तारखेचे नियुक्तिपत्र देऊन शालार्थ, म्हणजे सरकारी वेतन प्रणालीतला, ओळख क्रमांक मिळवून देतो असे कोणी म्हणाले, तर तो सरळ गुन्ह्यात ओढला जाण्याचा मार्ग आहे. 2025 मध्ये नागपूर विभागात उघडकीस आलेल्या बोगस शालार्थ क्रमांकांच्या प्रकरणानंतर तरी याविषयी कोणाच्या मनात संभ्रम राहू नये. नियमित मार्गाने लागलेल्या शिक्षकालाही पदाची खात्री करून घ्यावीच लागते. दरवर्षीच्या संचमान्यतेत विद्यार्थिसंख्येनुसार पदे ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे अन्य शाळेत समायोजन होते. म्हणून पवित्रमध्ये प्राधान्यक्रम भरताना शाळेच्या मागील तीन-चार वर्षांच्या पटाची गावात चौकशी करावी. शेजारी नवी इंग्रजी शाळा उघडली असेल आणि आठवीची तुकडी दरवर्षी आक्रसत असेल, तर घराजवळची ती शाळा खाली टाकून पंचवीस किलोमीटरवरची भरल्या पटाची शाळा वर ठेवावी. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांना 1977 च्या सेवाशर्ती अधिनियमाचे संरक्षण आहे आणि बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते, परंतु नियुक्ती रीतसर आणि मंजूर पदावर झालेली असेल तरच हे संरक्षण खऱ्या अर्थाने कामी येते.

कोणी काय निवडावे

वय तिशीच्या आत, पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र, आणि घरापासून दूर राहण्याची तयारी, अशा उमेदवाराने सीटीईटी आणि टीजीटीला पहिले स्थान द्यावे. मुले आणि विज्ञान या दोहोंत दिवसरात्र रमू शकत असेल तर केंद्रीय विद्यालयापेक्षा नवोदय वर ठेवावे. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला विज्ञान शिकवायचेच असेल, तर त्याच्यासाठी राज्यातील अनुदानित शाळा किंवा आयसीएसईची शाळा हे अधिक नैसर्गिक पर्याय आहेत, आणि एम.एस्सी. केल्यास कनिष्ठ महाविद्यालयाचे दारही उघडते. आई-वडिलांची जबाबदारी, शेती किंवा जोडीदाराची नोकरी यांमुळे जिल्हा सोडता येत नसेल, तर अनुदानित शाळेची प्रतीक्षा करणे योग्य आहे, मात्र ती प्रतीक्षा एखाद्या बऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेत शिकवत करावी, घरी बसून नव्हे. रिकाम्या गेलेल्या दोन वर्षांनंतर फळ्यासमोर उभे राहताना हात कापतो आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते लगेच जाणवते. स्वयंअर्थसहाय्यित शाळेलाच कायमचे घर मानायचे असेल, तर ती शाळा किमान दहा वर्षे चाललेली, भविष्य निर्वाह निधी भरणारी आणि जुने शिक्षक टिकवून ठेवणारी असावी. स्टाफरूममध्ये सगळेच चेहरे पंचविशीतले दिसले, तर जुने का गेले ते प्रवेशद्वारावरच्या शिपाईमामांना विचारावे.

नियुक्ती कोणत्याही शाळेत झाली, तरी रुजू होण्यापूर्वी नियुक्तिआदेश, त्यावरील जावक क्रमांक व दिनांक, आणि रुजू अहवालाची मुख्याध्यापकांच्या सहीची प्रत स्वतःजवळ ठेवावी. अनुदानित शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ ओळख क्रमांक मिळेपर्यंत दर महिन्याला लेखी पाठपुरावा करावा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. याच काळात प्रयोगशाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतील (डेड स्टॉक रजिस्टरमधील) साहित्य प्रत्यक्ष मोजूनच तिचा ताबा घ्यावा, कारण सही झाल्यानंतर फुटलेल्या प्रत्येक परीक्षानळीचा हिशेब नव्या शिक्षकाकडे मागितला जातो.